घोंगडे कोणी उचलायचे

मी, मंजुळाबाई भ्रतार कै. सोनबा कुदळे, वय साठीच्या आसपास, राहणार कासारवाडी, स्टेशनमागची आळी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, धंदा घरकाम व बेवारशी कुत्री सांभाळून त्यांना घर मिळवून देणे, आज शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवते. मला कोणी शिकवलेले नाही, धाक घातलेला नाही. मला धाक घालणारे माणूस या आळीत अजून राहायला आलेले नाही. लिहून घेणारे नानासाहेब हे पुण्याच्या कोर्टातून पेन्शनीत निघालेले कारकून आहेत. त्यांनी धंद्याच्या जागी नुसते "घरकाम" लिहिले होते. पुढचे मी घालायला लावले. मालकांचे नाव जन्मभर उखाण्याखेरीज घेतले नाही, ते मात्र कागदासाठी घ्यावे लागले.

डोके ठिकाणावर आहे, शरीर नाही. डाव्या छातीतली गाठ आषाढात फुटली. पुण्याच्या डॉक्टरांनी आता कापून उपयोग नाही असे तोंडावर सांगितले. त्यांच्यावर माझा राग नाही. गोड बोलून पावसाळाभर लेप लावायला लावणाऱ्या वैद्यावर आहे. जखमेला वास येतो, म्हणून नानासाहेब दाराजवळ बसून लिहीत आहेत. मी त्यांना दोष देत नाही. संक्रांत दिसेल असे मला वाटत नाही.

माझ्यामागे घर राहील, थोडे सामान राहील आणि खैऱ्या राहील. खैऱ्या म्हणजे माझ्याकडचे शेवटचे कुत्रे. घराची मला काळजी नाही, घर कोणीही घेते. खैऱ्याला घ्यायला कोणी तयार नाही. हे मृत्युपत्र खरे तर त्याच्यासाठी आहे. बाकीची कलमे कायद्याला लागतात म्हणून आधी उरकते.

कलम पहिले. कासारवाडीतले दोन खणांचे कौलारू घर आणि मागचे कुंपणाचे अंगण मी जमिनीच्या भरपाईतल्या माझ्या वाट्यातून घेतले. दोन वर्षांपूर्वीच्या नव्या कायद्याने विधवा स्वतःच्या वाट्याची पुरी मालकीण झाली, असे नानासाहेब सांगतात. तेव्हा घर कोणाला द्यायचे हे मी ठरवणार. ते मी माझी शेजारीण रोशनबी हिला देते. तिचा नवरा बरकत मुंबई-पुणे रस्त्यावर लॉऱ्या दुरुस्त करतो. मी हिंदू बाई घर मुसलमानाला देते म्हणून काहींच्या पोटात दुखेल. माझी जखम रोज न चुकता धुणारे दोन हात मला सापडले, ते रोशनबीचे. दुसरे कोणाचे असतील तर त्यांनी उद्या सकाळी यावे, जखम दाखवते.

घराला अट एकच. अंगणाचे फाटक काढू नये. लॉरीखाली सापडलेले किंवा कोणी सोडून दिलेले कुत्रे आले तर त्याला बरे होईपर्यंत आणि घर मिळेपर्यंत आत घ्यावे. रोशनबीने हे कबूल केले आहे. ती म्हणाली, "अंगनात धा ठिवीन मावशी. पन नमाजाच्या खोलीत नको." मला हे रास्त वाटले.

कलम दुसरे. माझे धाकटे दीर आबाजी कुदळे यांना मी काहीही देत नाही. ज्याला वगळायचे त्याला समोर बसवून ऐकवावे, म्हणजे मागाहून तक्रार राहत नाही, असा नानासाहेबांचा सल्ला पडला. म्हणून आबाजी आज चाकणहून एसटीने आले आहेत आणि ओसरीवर बसून हे ऐकत आहेत. त्यांना चहा दिलेला आहे. न देण्याचे कारण पैशाचे नाही, आमच्या खंड्या कुत्र्याचे आहे.

आमच्या खळ्यावरच्या कुत्र्यांना एक शिस्त असे. मळणीच्या दिवसांत धनी राशीशेजारी आपले घोंगडे घडी करून ठेवी आणि जेवायला घरी जाई. कुत्रे त्या घोंगड्याला चिकटून बसे. धनी परत येऊन घोंगडे खांद्यावर टाकीपर्यंत ते जागचे हलत नसे, मग समोर हाडूक टाका नाहीतर काठी उगारा. हे फारसे शिकवावे लागत नसे. थोरले कुत्रे करी ते धाकटे बघे.

मालक वारले त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात पिंपरीच्या शिवारातली आमची जमीन कारखान्यासाठी गेली. मी रावेतला माहेरी आईच्या दिवसांना गेले होते. तेवढ्यात आबाजींनी लॉरी ठरवली. भांडी, औते, दावणीचे खुंटेसुद्धा उपटून भरले आणि चाकणकडच्या नव्या जमिनीवर निघून गेले. मालकांचे घोंगडे तेवढे खळ्यावर टाकले. खंड्याला शीळ घातली, तो आला नाही. येईल मागोमाग, म्हणून लॉरी सुटली.

मी परतले तेव्हा घराची कौले उतरलेली होती, चौकटी नेलेल्या होत्या आणि जमीन सपाट करणारे यंत्र खळ्याच्या कडेला उभे होते. त्याच्यासमोर खंड्या बसला होता. हाडांवर कातडे राहिले होते. मजुरांनी टाकलेली भाकरी घोंगड्यापासून हातभर लांब वाळून पडली होती. तेवढ्यासाठीही तो उठला नव्हता. यंत्रावरचा माणूस मला म्हणाला, "बाई, ह्याच्या अंगावर घालायला माझा हात होईना, म्हनून काम थांबवलंय." मी घोंगडे उचलून खांद्यावर घेतले. तेव्हा खंड्या उठला. रेल्वेच्या फाटकापर्यंत माझ्यामागे आला आणि तिथे आडवा झाला तो झालाच. फाटकवाले सोपानराव यांनी खड्डा खणून दिला. तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हते.

त्या उन्हाळ्यात आसपासच्या रिकाम्या वस्त्या मी पालथ्या घातल्या. कुत्री होतीच. एक जात्याच्या खळीत, एक विहिरीच्या थारोळ्यात, एक तर नुसत्या चुलीच्या राखेवर. माणसे भरपाई घेऊन गेली होती आणि कुत्री घर राखत बसली होती. तेव्हापासून मी हा धंदा धरला. आबाजींना हे सगळे तोंडावर सांगायचे राहिले होते, ते आज सांगून झाले.

कलम तिसरे. भाकरीचे परळ, कात्री, पट्ट्यांची पेटी आणि हळद-तेलाची बरणी बरकतला द्यावी. माझी रीत त्याला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते.

कुत्रे आले की मालकांच्या घोंगड्याचा एक तुकडा कापून त्याच्याखाली घालायचा. भाकरी त्या तुकड्यावर, औषधपाणी त्या तुकड्यावर. घेऊन जाणाऱ्याने अंगणात बसून स्वतःच्या हाताने त्याला भाकरी घालायची. कुत्र्याने ती खाल्ली की तुकडा त्याच्या देखत उचलून खांद्यावर टाकायचा आणि चालू लागायचे. त्याच वेळी मी पाठ फिरवते, घरात जाते, दार लावते. हाक मारत नाही, फटीतून बघत नाही. सुरुवातीला मी फाटकाशी उभी राहून निरोप देत असे. ती कुत्री आठवड्याच्या आत परत येत, पंजे रक्ताळून. पाठ फिरवायला लागले तेव्हापासून राहू लागली. सांभाळणारे माणूस समोर उभे असेपर्यंत कुत्रे कोणाचेच होत नाही.

या रीतीने कुत्री कारखान्यांच्या पहारेकऱ्यांकडे गेली, निगडीच्या मळ्यांत गेली, देहूच्या वाटेवरच्या धनगराकडे गेली. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतली एक सिंधी बाई आली होती. तिने तुकडा उचलला आणि जागच्या जागी रडायला लागली. "हमारा भी उधर बैठा होगा," एवढेच बोलली. मी पाठ फिरवायची विसरले नाही, पण त्या दिवशी घरात येऊन मीही रडले.

कलम चौथे. गेल्या उन्हाळ्यात स्टेशनावर एक पिसाळलेले कुत्रे दिसले, हे खरे. त्यावर आळीत विषाचे लाडू टाकले गेले, हेही समजू शकते. पण लाडू माझ्या कुंपणाच्या आत कसे आले? सकाळी दोन पिल्ले आणि एक म्हातारी कुत्री ताठ झालेली सापडली. पिल्लांना न्यायला त्याच दिवशी मळेकरी येणार होता. तो पिशवीत गूळ घेऊन आला आणि तसाच परत गेला. लाडू कोणी टाकायला लावले ते मला ठाऊक आहे आणि पुढच्या आळीतल्या लक्ष्मणरावांना ठाऊक आहे. म्हणूनच या मृत्युपत्राचे दुसरे साक्षीदार मी त्यांना नेमले, पहिले फाटकवाले सोपानराव. त्यांना हे ऐकून खाली सही करावी लागेल. नानासाहेब वाचत असताना लक्ष्मणराव आपल्या टोपीकडे बघत होते. उठून गेले नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने लिहावे.

कलम पाचवे. पोस्टातली शिल्लक माझ्या सरणाला लागेल तेवढी काढावी, उरलेली अंगणातल्या कुत्र्यांच्या भाकरीच्या जोंधळ्यासाठी ठेवावी. मला नवे लुगडे वगैरे काही नेसवू नये. जखम घट्ट बांधावी, म्हणजे खांदा देणाऱ्यांना त्रास होणार नाही.

कलम सहावे. आता खैऱ्या.

त्याला बरकतने मुंबई-पुणे रस्त्यावरून आणले. लॉरीचे चाक मागच्या पायावरून गेले होते. रंगाने खैरा म्हणून खैऱ्या. पाय वाकडा जुळला, पण जुळला. तो भुंकत नाही. लागले त्या दिवसापासून त्याचा आवाजच गेला. न्यायला येणारे आधी तेच विचारतात. एक पहारेकरी मला म्हणाला, "भुंकत न्हाई? मग काय पूजा करू त्याची?" लोक दुसरी कुत्री घेऊन गेले, खैऱ्या राहिला. मी दुखण्याने अंथरूण धरले तसा तो घरात आला आणि माझ्या बाजेखाली आपल्या तुकड्यावर झोपू लागला. मालकांच्या घोंगड्याचा तो शेवटचा तुकडा आहे. आता कापायला घोंगडे उरले नाही.

मी मेले की काय होणार हे मला दिसते. मला उचलून नेतील आणि खैऱ्या बाजेखाली त्या तुकड्यावर बसून राहील. मी खंड्याला पाहिले आहे. त्याचे काय झाले ते मी पाहिले आहे. हे दुसऱ्यांदा माझ्या घरात होऊ नये, एवढीच माझी इच्छा उरली आहे. तिच्यापुढे घरदार मला काही वाटत नाही.

सोपानरावांना विचारले. त्यांची खोली रुळांना लागून आहे आणि खैऱ्या लंगडा, गाडी आली तर पळता येणार नाही. बरकतला विचारायची गरज नव्हती, त्याने आपणहूनच न्यायचा प्रयत्न केला होता. त्याच्या शेडमध्ये दिवसभर लॉऱ्यांची इंजिने चालतात. इंजिन सुरू झाले की खैऱ्या थरथरतो आणि जागेवर मुततो. रोशनबीचे वर लिहिलेच आहे, अंगणात चालेल पण नमाजाच्या घरात नाही, आणि खैऱ्या आता घराबाहेर झोपत नाही. म्हणून मी नानासाहेबांना असे लिहायला सांगितले, की माझ्या मृत्यूनंतर खैऱ्याचे घोंगडे अमुक यांनी उचलावे व त्याला सांभाळावे, आणि नावाची जागा कोरी ठेवावी. कोणी मिळाले तर भरू.

तेव्हा दारात उभा असलेला बरकत बोलला. त्याचे शब्द तसेच्या तसे लिहून घ्यायला लावते. "मावशी, नाव कुनाचं बी घाला. तुम्ही गेल्यावर घोंगडं उचलंल कोन बी. पन पाठ कोन फिरवनार? तुम्ही बाजंवर पडलेल्या असनार, तोंड त्याच्याकडंच. तो कसा उठंल?"

माझीच रीत, आणि माझ्या मरणापाशी ती अडते हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मेलेल्या माणसाला पाठ फिरवता येत नाही. खैऱ्याला द्यायचे असेल तर मी जिवंत असताना द्यायला हवे. म्हणजे शेवटचे जे दिवस आहेत ते त्याच्याशिवाय काढायला हवेत. खरे सांगायचे तर ते मला नको होते. रात्री दुखणे वाढते तेव्हा मी हात खाली सोडते आणि तो चाटतो. मला दुसरे औषध नाही.

नानासाहेबांनी टाक खाली ठेवला. मग ओसरीवरून आबाजी म्हणाले, "वयनी, मी उचलतो."

मी म्हटले, तुम्ही? तुम्ही एक घोंगडे टाकून गेलात.

ते आत आले, खाली बसले आणि बोलले ते असे. "टाकलं न्हाई, वयनी. मेलेल्या मान्साचं आंथरून-पांघरून नव्या घरात न्हेत न्हाईत, म्हनून मागं ठिवलं. फेकावं असं वाटंना. दादाचं घोंगडं. म्हनून नीट घडी घालून खळ्यावर ठिवलं, जिथं तो ठिवायचा तिथंच. खंड्यानं बघितलं. मी लॉरीत चढल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी त्याला राखायला बसवून आलोय. डायवर थांबंना. दुसऱ्या दिवशी येतो म्हनलं, तर बैल आजारी पडला. आलो तवा खळं बी नव्हतं आन खंड्या बी नव्हता."

इतकी वर्षे मी समजत होते की चिंधी म्हणून फेकले. त्यांनी ते घडी करून ठेवले होते. दोन्हींत अधिक वाईट काय हे मला अजून ठरवता आलेले नाही. फेकले असते तर खंड्या कदाचित लॉरीमागे गेला असता.

मी विचारले, हा भुंकत नाही, ठाऊक आहे ना? रानातली वस्ती, राखण कशी होणार? आबाजी म्हणाले, "शालन गेल्यापासून मी एकटाच हाय. पोरगं कंपनीत लागलं, तिकडंच ऱ्हातंय. राखायला काय बी न्हाई ऱ्हायलं. लॉरी बी न्हाई येत तितवर, बैलगाडीची वाट हाय." शालन म्हणजे त्यांची बायको. ती वारल्याचे मला कोणी कळवले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते.

मग मी म्हटले, भाकरी घाला.

कलम सातवे. वरच्या कलमातली कोरी जागा रद्द समजावी. "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्दही रद्द समजावेत. खैऱ्याला मी आज, माझ्या हयातीत, माझे धाकटे दीर आबाजी यांना दिले आहे. घर, सामान, शिल्लक यांत त्यांना काही नाही, ते दुसरे कलम कायम. त्यांना मी माफही केलेले नाही. मरणाच्या दारात माणसे माफ करतात, असे नानासाहेब म्हणाले. मी केलेले नाही. घोंगडे दिले आहे. मालकांचे घोंगडे त्यांच्या नव्या घरात जाते आहे. आता मेलेल्याचे म्हणून ते वाटेत कुठे ठेवू नका, एवढे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "आंगावर घेऊन झोपंन."

भाकरी रोशनबीने केली. आबाजींनी अंगणात बसून हातावर धरली. खैऱ्याने आधी माझ्याकडे पाहिले. मी बाजेवरून उठले. रोशनबी धरत होती, तिला मी सोडायला सांगितले, कारण हे कोणी धरून करायचे काम नाही. उंबऱ्यापर्यंत गेले. खैऱ्याने भाकरी खाल्ली. आबाजींनी तुकडा उचलून खांद्यावर टाकला. मी पाठ फिरवली, आत आले आणि दार लावले.

थोड्या वेळाने दारावर नखांचा आवाज झाला. मी दार उघडले नाही. मग आवाज थांबला.

तो पुढे कसा गेला, वळून बघत होता की नाही, हे मी कोणाला विचारलेले नाही. साक्षीदार अंगणात उभे होते, त्यांनी पाहिले आहे. त्यांनी ते मला सांगू नये. माझी रीत तशी आहे. त्यांना राहवत नसेल तर माझा अंगठा झाल्यावर खाली लिहावे आणि मला वाचून दाखवू नये.

या अगोदर मी कोठे काही लिहून दिलेले नाही, दिले असेल तर ते रद्द. वरील मजकूर मला नानासाहेबांनी दोनदा वाचून दाखवला. तो माझाच आहे. बाजेखालची जागा मी अजून झाडायला दिलेली नाही. मी गेल्यावर झाडावी.

ठिकाण कासारवाडी. तारीख १४ नोव्हेंबर १९५८.

निशाणी अंगठा, मंजुळाबाई भ्रतार कै. सोनबा कुदळे
(डावा हात सुजल्यामुळे उजव्या हाताचा)

लिहिणार: नानासाहेब, निवृत्त कारकून, दस्तुरखुद्द

साक्षीदारांचा मजकूर, बाईंच्या सांगण्याप्रमाणे त्यांना न वाचता:

मंजुळाबाईंनी आमच्या समक्ष अंगठा केला, आणि त्याआधी आमच्या समक्ष पाठ फिरवली. त्या वळल्या नाहीत. कुत्रे फाटकापर्यंत जाऊन परत आले आणि दार खरवडू लागले. आबाजींनी हाक मारली नाही. ते परत येऊन दारापासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसले, घोंगडे मांडीवर घेतले आणि रडले. कुत्रे बऱ्याच वेळाने दारापासून निघाले आणि त्यांच्याजवळ जाऊन घोंगड्याचा वास घेत उभे राहिले. मग दोघे एसटी न धरता चाकणच्या वाटेने पायी गेले, कारण कुत्र्याला मोटारीचे भय आहे. आबाजी सावकाश चालत होते. वळणापर्यंत आम्ही पाहिले. कुत्रे वळून बघत होते.

सही, सोपानराव, रेल्वे फाटकवाले, कासारवाडी

सही, लक्ष्मणराव, राहणार कासारवाडी. कलम चौथे ऐकले. ते खरे आहे.